जीन टेस्टच्या रिपोर्टमध्ये सगळं लाल आलंय, आता चालून काय उपयोग?

पत्र:

ताई, मी ४१ वर्षांची, इचलकरंजीची. उंची १५५ सेंटीमीटर, वजन ५६ किलो, म्हणजे जाड अजिबात नाही, सगळ्या म्हणतात छान मेंटेन केलंयस. फक्त पोट सुटलंय. भावाने बेंगळुरूहून लाळेच्या जीन टेस्टचा किट पाठवला, सहज म्हणून केला. रिपोर्टमध्ये इन्फ्लमेशनच्या पानावर सगळं लाल आलंय, आयएल-६ जीजी, टीएनएफ जीए, आणि खाली लिहिलंय मेटाबॉलिक सिंड्रोमचा धोका जास्त. मग घाबरून लॅबमध्ये सगळ्या टेस्ट केल्या. फास्टिंग शुगर १०६, ट्रायग्लिसराइड १८८, एचडीएल ४१, बीपी १२८/८२, कंबर ८६ सेंटीमीटर, एचएस-सीआरपी ६.८. त्या आठवड्यात दाढेने जीव नकोसा केला होता, गाल सुजलेला, पण पैसे भरले होते म्हणून टेस्ट उरकून घेतल्या. आईला ४८ व्या वर्षी शुगर निघाली होती. मी जन्मले तेव्हा अडीच किलोचीपण नव्हते असं ती सांगायची. किटवाली कंपनी आता महिन्याला ३,४०० रुपयांचं अँटी-इन्फ्लमेटरी पॅक घ्या म्हणून मागे लागलीये, एक महिना घेतलं. रोज संध्याकाळी चालायला जायचे ते बंद केलंय, जीन्समध्येच आहे तर कशाला. मुलगी १३ वर्षांची आहे, सासूबाई म्हणतात अगदी आईवर गेलीये, तिचीपण टेस्ट करू का? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी एक, आज संध्याकाळी चालायला जा. बाकीचं उत्तर परत आल्यावर वाचलंस तरी चालेल, खरंच सांगते. तुझ्या अख्ख्या पत्रात मला काळजी वाटली ती लाल पानाची नाही, महिनाभर घरी बसलीस त्याची. आणि राग आला तो ज्यांनी तुला एवढं घाबरवून सोडलं आणि लगेच डबा विकला त्यांचा.

आता तुझे आकडे बघू, कारण ते खरे आहेत आणि त्यांच्याकडे लक्ष द्यायला हवंच, उगाच काही नाही गं म्हणून मी तुला गप्प करणार नाही. मेटाबॉलिक सिंड्रोम हा एकच असा रोग नाही, पाच गोष्टींपैकी तीन बिघडल्या की डॉक्टर त्याला हे नाव देतात. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटीमीटर किंवा जास्त (पुरुषाची ९०), ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल बाईचं ५० च्या खाली (पुरुषाचं ४० च्या), बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी शुगर १०० किंवा वर. तुझ्या चार गोष्टी बसतायत, बीपी तेवढं काठावर थांबलंय. म्हणजे तुला मेटाबॉलिक सिंड्रोम आहे, आणि हे तुला सांगितलं ते शंभरेक रुपयांच्या टेपने आणि साध्या ब्लड टेस्टने. जीनच्या रिपोर्टने त्यात काहीच भर घातलेली नाही, तो नसता तरी हे आकडे हेच असते.

मग ते लाल पान म्हणजे नक्की काय आहे ते सांगते, जरा नीट वाच, कारण एकदा हे समजलं की भीती निम्मी होईल.

इन्फ्लमेशन म्हणजे दाह. दाढेला झाला तसा दणदणीत दाह असतो, लाल, गरम, ठणकणारा, आणि दुसरा असतो तो हळू धुमसणारा, जो कळतसुद्धा नाही. पोटातल्या चरबीच्या पेशी फार फुगल्या की त्यांना रक्त आणि ऑक्सिजन नीट पोचत नाही, काही मरतात, त्या साफ करायला रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे येऊन ठाण मांडतात आणि मग तिथून टीएनएफ, आयएल-६ असले निरोप सगळ्या अंगभर जात राहतात. हे निरोप स्नायूंमध्ये आणि लिव्हरमध्ये इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात, आणि आयएल-६ लिव्हरला सांगतं सीआरपी बनव, म्हणजे अंगात दाह आहे हे रक्तात दाखवणारं प्रथिन. टेस्टमध्ये सीआरपी वाढलेलं दिसतं ते असं, तुझ्या ६.८ कडे पुढे येते. १९९३ मध्ये अमेरिकेत हॉटामिसलिगिल आणि स्पीगलमन यांच्या टीमने दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ जास्त बनतं आणि ते अडवलं की इन्सुलिन परत बरं काम करायला लागतं. तिथून सगळ्यांना वाटायला लागलं की ज्यांच्या दाहाच्या जीन्समध्येच फरक आहे त्यांना शुगर, बीपी, चरबी हे सगळं होणार, आणि मग गावोगावच्या लॅबमध्ये, दोनशे-चारशे लोक घेऊन, ह्या जीन्स तपासायची लाट आली.

तुझं आयएल-६ जीजी हे त्याच लाटेतलं. ह्या जागेला मायनस १७४ म्हणतात, म्हणजे आयएल-६ चा जीन जिथून वाचायला सुरुवात होते त्याच्या १७४ अक्षरं आधीची जागा. तिथे कुणाकडे जी असतो कुणाकडे सी, एक आईकडून एक वडिलांकडून. युरोपातल्या लोकांत सी बऱ्यापैकी आढळतो, आपल्याकडे कमी, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक माणसांचं उत्तर जीजीच येतं! तुझ्या शेजारणीचं, तुझ्या नवऱ्याचं, माझं, बहुतेक हेच असणार. जे अर्ध्याहून जास्त गावाचं आहे ते तुझ्या एकटीच्या पानावर लाल करून दाखवलंय.

बरं, ह्या लाल रंगात जीव किती? २००६ मध्ये २१ अभ्यासांतल्या २० हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा सी असलेल्यांत टाइप २ डायबिटीस जीजीवाल्यांपेक्षा जवळपास ९ टक्क्यांनी कमी दिसला. नऊ टक्के म्हणजे शंभरातल्या नऊ माणसांना झाला असं नाही हं, समजा जीजीवाल्या शंभरात दहा जणांना होणार असेल तर सीवाल्या शंभरात नऊ जणांना, एवढाच. आणि हे सगळे अभ्यास एकमेकांशी जुळतात असंही नाही, काहींत काहीच संबंध नाही, काहींत उलटाच. टीएनएफच्या मायनस ३०८ चंही तेच, कुठे लठ्ठपणाशी थोडा संबंध दिसतो, कुठे दिसत नाही. मग जेव्हा हजारो-लाखो माणसांचे सगळेच जीन्स एकदम चाळायची सोय झाली तेव्हा मेटाबॉलिक सिंड्रोमशी ठळकपणे जोडलेले म्हणून वर आले ते एपीओए५, सीईटीपी, एलपीएल असले, म्हणजे रक्तातली चरबी हाताळणारे जीन्स. टीएनएफ, आयएल-६ तिथे पुढे नव्हतेच.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. दाह आधी का चरबी आधी, हा प्रश्न जीन्स वापरूनच सोडवता येतो, आणि तो सोडवलाय. काही लोकांच्या सीआरपीच्या जीनमध्ये असा फरक असतो की त्यांचं सीआरपी जन्मभर थोडं जास्तच राहतं, बारीक असोत की जाड. सीआरपीच जर मूळ असतं तर ह्या लोकांत कंबर, बीपी, ट्रायग्लिसराइड सगळं जास्त दिसायला हवं होतं. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात बघितलं, नाही दिसलं. मग उलटं बघितलं, ज्यांच्या जीन्समुळे वजन जास्त राहतं त्यांचं सीआरपी, तर ते वाढलेलं सापडलं. कोपनहेगनमध्ये हजारो लोकांवर हे दोन्ही बाजूंनी तपासलं, २०११ मध्ये आलं ते, आणि उत्तर स्पष्ट होतं, वजन वाढलं की सीआरपी वाढतं, सीआरपीच्या जीनने वजन वाढत नाही. म्हणजे सीआरपी हा धूर आहे गं, चूल पोटात आहे.

दाहाला काहीच महत्त्व नाही असं मात्र मी म्हणत नाहीये, तसं म्हटलं तर खोटं होईल. आयएल-६ ज्या दारातून पेशीत निरोप देतं त्या दाराच्या जीनमध्ये एक फरक असतो, तो असलेल्यांना हार्टचा आजार थोडा कमी होतो, हे २०१२ मध्ये खूप मोठ्या आकड्यांवर दिसलंय. आणि कॅन्टोस नावाची ट्रायल, २०१७ ची, त्यात हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ लोकांपैकी काहींना दाह अडवणारं इंजेक्शन दिलं, सीआरपी उतरलं, पुढचे अटॅकही कमी झाले. पण त्याच लोकांत नव्याने डायबिटीस होणं काही कमी झालं नाही. एवढं महागडं, थेट दाहाच्या मुळावर घाव घालणारं औषध जर शुगर रोखू शकलं नाही तर ३,४०० च्या डब्यातल्या कॅप्सूल काय रोखणार, तूच सांग.

डब्याचं निघालंच आहे तर त्याच्यामागचं लेबल बघ. अशा पॅकमध्ये बहुतेक वेळा हळदीचं अर्क म्हणजे कर्क्युमिन असतं आणि ते अंगी लागावं म्हणून मिऱ्यातलं पायपरिन घातलेलं असतं. आमटीतली हळद वेगळी आणि हे वेगळं. जास्त डोसच्या अशा कॅप्सूलनी लिव्हरला सूज आल्याच्या केसेस इटली, अमेरिका अशा ठिकाणी नोंदवल्या गेल्यात. तू ह्या बंद कर, आणि डॉक्टरांकडे जाशील तेव्हा एक महिना घेतल्या होत्या हे आवर्जून सांग, डबाच घेऊन जा.

आता दाढ. एचएस-सीआरपी हृदयाच्या धोक्यासाठी वाचतात तेव्हा १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त असं धरतात, पण हे सगळं माणूस ठणठणीत असताना. सर्दी, ताप, हिरड्या सुजलेल्या, पडून लागलेलं, कशानेही तो आकडा उड्या मारतो. गाल सुजलेला असताना काढलेला ६.८ हा बहुतेक करून तुझ्या दाढेचा आकडा आहे! तो फाडून टाक म्हणत नाही, पण त्याच्यावरून काही ठरवू नकोस. दाढेची ट्रीटमेंट पूर्ण कर, नुसत्या पेनकिलरवर ढकलू नकोस, आणि सगळं शांत झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टरांना हवं असेल तर परत काढा. नाही काढलं तरी पुढचं काही अडत नाही, कारण उपाय तोच राहणार आहे.

मी तर जाड नाही, हे तू पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलंस. आपल्या माणसांची खरी गोम इथेच आहे, आणि ही शोधली आपल्या पुण्यात. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरी मासिकात छापून आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. तुझा बीएमआय २३.३ येतो, काट्यावर जेमतेम काठावर, पण कंबर ८६. हातपाय बारीक, स्नायू कमी, आणि चरबी पोटात. डॉ. याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं बघितली तेव्हा दिसलं की आपली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कितीतरी कमी, पण चरबी त्या मानाने टिकून असते, मांस कमी पडतं. तू जन्मलीस तेव्हा अडीच किलोची नव्हतीस. ही ओळ तू सहज लिहून गेलीस पण माझ्यासाठी ती आणि आईची शुगर ह्या दोन ओळी त्या अख्ख्या जीन रिपोर्टपेक्षा जास्त बोलतात. घराण्याचा वाटा आहेच, नाकारत नाहीये, पण तो एका-दोन लाल अक्षरांत मावत नाही, शेकडो जागी थोडा थोडा वाटलेला आहे, शिवाय त्यात आईच्या पोटातले नऊ महिने आहेत, घरातली ताटं आहेत, बसून करायची कामं आहेत.

गरोदरपणी तुला शुगर निघाली होती का? पत्रात नाहीये. निघाली असेल तर डॉक्टरांना पहिल्यांदा ते सांग, त्याने धोका खूप वाढतो, आणि बऱ्याच जणी बाळंतपणानंतर ते विसरून जातात.

आणि आता जीन्समध्ये आहे तर कशाला, ह्याचं उत्तर. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या टीमने ५३१ लोक घेतले होते, सगळे तुझ्यासारखेच काठावरचे, शुगर वाढलेली पण डायबिटीस झालेला नाही. तीन वर्षांत ज्यांनी रोज अर्धा तास तरी चालणं आणि खाण्यात बदल एवढंच केलं त्यांच्यात डायबिटीस होणं २८.५ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांत २६.४ टक्क्यांनी, म्हणजे गोळीच्या बरोबरीने. ही आपलीच माणसं होती, त्यांच्यातल्याही बहुतेकांचं आयएल-६ जीजीच असणार ना? आणि अमेरिकेतल्या तसल्याच मोठ्या अभ्यासात तर डायबिटीसचा सगळ्यात जोरदार समजला जाणारा जीन, टीसीएफ७एल२, तपासला, ज्यांच्याकडे त्याच्या दोन्ही कॉपी धोक्याच्या होत्या त्यांना शुगर जास्त व्हायची खरी, पण जे चालले, ज्यांनी वजन उतरवलं, त्यांच्यात तो जास्तीचा धोका जवळजवळ दिसेनासाच झाला. तुझ्या पानावरचे जीन्स तर त्याच्यापुढे काहीच नाहीत.

आता करायचं काय. घरात सुतळी आहे ना, ती डोक्यापासून पायापर्यंत तुझ्या उंचीएवढी काप, मधोमध दुमड, आणि ती अर्धी सुतळी कमरेभोवती गुंडाळून बघ. टोकं भेटायला हवीत. तुझ्या उंचीला अर्धं म्हणजे साडेसत्त्याहत्तर, तुझी कंबर ८६, म्हणजे आत्ता साडेआठ सेंटीमीटरची फट राहील. मोजायचं ते परकराची नाडी बांधतो तिथे नाही, बरगडी संपते आणि कमरेचं हाड लागतं त्याच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून. आमच्याकडे टेप लावली की निम्म्या बाया श्वास ओढून पोट आत घेतात, मी म्हणते अगं मला नको फसवूस, मी काय बघायला आलीये का! तर ती सुतळी स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवून ठेव आणि महिन्यातून एकदा लाव, रोज नको. वजन दोन-अडीच किलोच उतरलं तरी कंबर आणि ट्रायग्लिसराइड हललेले दिसतात, कारण पोटातली चरबी आधी जाते.

चालणं अर्धा-पाऊण तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. त्याशिवाय रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं गच्चीत नाहीतर अंगणात, जेवणानंतरची शुगर त्याने चांगली दबते. आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना काम दे, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला रेटून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. आपल्यात कमी आहेत ते स्नायूच, आणि जेवणातली साखर सगळ्यात जास्त तेच रिचवतात, म्हणून नुसतं चालून अर्धंच काम होतं.

जेवणात मोठं काही नको. सकाळी पोहे आणि चहाबिस्किट एवढंच खात असशील तर पोह्यांत शेंगदाणे, मटकी घाल, सोबत अंडं नाहीतर वाटीभर दही घे. चहातली साखर निम्मी, मग अजून निम्मी. भात एकदाच, भाकरी चालेल, पण भाकरी चांगली म्हणून चार नकोत. उसळ-आमटी घट्ट, भाजी भाकरीपेक्षा जास्त. तुमच्याकडे तांबडा-पांढरा रविवारचा असेल तर खा, मटणापेक्षा वर तरंगणारी तर्री आणि सोबतचा भात जरा आवर. रात्री झोप पूर्ण होते का तेपण बघ, तू यंत्रमागाच्या पट्ट्यातली आहेस, घरात कुणाच्या रात्रपाळ्या असल्या की बायकांची झोप मोडते आणि ते कुणी मोजत नाही.

डॉक्टरांकडे जाताना एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, करून घे, लिव्हरसाठी एसजीपीटी आणि ते म्हणाले तर सोनोग्राफी, ट्रायग्लिसराइड तीन महिन्यांनी परत. शाकाहारी असशील तर बी-१२ पण. त्यांनी मेटफॉर्मिन सुचवलं तर हरले असं मानू नकोस, औषध आणि चालणं ह्यांचं भांडण नाहीये.

राहिली लेक. नको करूस टेस्ट. १३ वर्षांच्या मुलीच्या हातात लाल पान ठेवून तिला मिळणार काय? तुझ्यासारखी हुशार, कर्ती बाई ते वाचून महिनाभर घरात बसली, पोरीने तर मनातच धरलं असतं जन्मभर. तिची कंबर आणि उंची त्याच सुतळीने बघ, अर्ध्यापेक्षा कमी असली की झालं, तेही हसतखेळत, वजनावरून एक शब्द न काढता. तिला पळू दे, खो-खो, कबड्डी, सायकल, जे आवडेल ते, मुलींचं खेळणं नेमकं ह्याच वयात बंद होतं आणि मांस बनायचं वय हेच असतं. सासूबाई आईवर गेलीये म्हणाल्या की म्हण, हो ना, म्हणूनच आम्ही दोघी रोज चालायला जातो. आणि तिला खरंच घेऊन जा.

कंपनीचा डबा दर महिन्याला आपोआप पैसे कापून येणारा असेल तर फोनमध्ये ते ऑटोपे आजच बंद कर, नाहीतर पुढचा दारात येऊन उभा राहील. दाढेची अपॉइंटमेंट ह्याच आठवड्यात घे. एचबीए१सी आली की मला आकडा कळव, आणि त्याच्याबरोबर सुतळीची फट किती राहिली तेपण.